खोडरबर

सहामाहीचे पेपर तपासताना वीज गेली
म्हणून तंजिला दर्वेचा कागद मी
मोबाईलच्या उजेडात तिरका धरला.
तेव्हा दिसलं.

दुसऱ्या प्रश्नात, शाईतल्या चुकीच्या उत्तराखाली
पेन्सिलीचा एक फिकट वण : बरोबर उत्तर.
तिसऱ्यातही. चौथ्याच्या (ब) मध्येही.
आधी नीट सोडवलेलं,
मग कागद पातळ होईस्तोवर घासलेलं,
मग वर ठाम निळ्या शाईत चूक.

मी तिला चाळीसपैकी अकरा दिले होते.
आधीच्या चाचणीत चौदा, त्याच्याही आधी सतरा.
आणि दर वेळी समासात, लाल, माझ्याच हस्ताक्षरात :
'लक्ष नाही.'

गुणांच्या उतरत्या क्रमानं पेपर वाटायची माझी पद्धत.
ती शेवटून तिसरी उठायची,
ओढणीच्या टोकाला बोटं पुसत.
पुढच्या चाचणीला शेवटून दुसरी.

पूर्णगडच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे.
तिचा बाप, इब्राहिम तांडेल, एकदा जेटीवर
दोरीची गाठ दातांनी सोडवत म्हणाला होता,
"लाट फुटते ती वाळूमुळं, सर,
आणि वाळू साठते ती लाट फुटते म्हणून.
आधी काय, ते माझ्या आज्यालाही सांगता नाही आलं."
मी मान हलवली होती. विज्ञानही मीच शिकवतो.
मला वाटलं, तो वाळूबद्दल बोलतोय.
तो वाळूबद्दलच बोलत होता.

शाळेमागच्या उंडीखाली तिला विचारलं, का खोडतेस?
बराच वेळ ती चपलेच्या टोकानं
एक उंडीचं फळ पुढेमागे लोटत राहिली.
"सुटलं की भीती वाटते, सर.
मला सुटलं म्हणजे कुठंतरी चुकलंच असणार."
मग फळ निसटलं, आणि ती भरभर बोलायला लागली :
पेपर हातात आला की कानात मशीन सुरू होतं,
ओहोटीला गाळात पंखा फिरतो ना, तसं,
जोर लावावा तेवढं पाणी गढूळ.
घंटा होते, मी पायरीवर येते,
आणि सगळं आठवतं. सूत्रासकट. पान नंबरासकट.

त्या रात्री खोडलेल्या उत्तरांची मी बेरीज केली.
पंधरा गुण.
वणांना गुण देता येत नाहीत.
'लक्ष नाही' हे तीन वेळा लिहिणाऱ्याचे गुण
कुठल्या रकान्यातून वजा करायचे,
तेही कुठं छापलेलं नाही.

पेपर आता हजेरी क्रमांकानं वाटतो.
हे काही फार नव्हे.
पूर्वपरीक्षेच्या सकाळी तिच्याकडून खोडरबर मागून घेतलं.
तिनं दिलं. गरम होतं,
मुठीत धरून आणलेल्या अंड्यासारखं.

सोळा पडले. चमत्कार वगैरे नाही.
दोन ठिकाणी चुकलेलं तसंच सोडलेलं,
एका ठिकाणी बरोबर, न खोडलेलं,
आणि त्याच्याभोवती बोटाच्या घामाचा गोल डाग.
मी त्या डागावर टिचकीसुद्धा केली नाही,
बाजूला केली. पुसलं जाऊ नये म्हणून.

आज बीजगणित. केंद्र पावसला.
सकाळच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती,
काही न वाचता.
गावखडीच्या पुलावरून खाली तिच्या बापाची होडी दिसली,
मशीन बंद करून पाणी चढायची वाट बघत.
तिनं हात नाही हलवला, मान मात्र वळवली
पूल संपेपर्यंत.
भरतीत दांडा कुठं जात नाही.
त्याच्यावरून जायला पुरेल एवढं पाणी येतं, कधीकधी,
आणि तेही थोडा वेळ.

अकराची घंटा झाली.
आत प्रश्नपत्रिका उलगडत असतील.
फाटकाबाहेर पालकांच्या घोळक्यात मी,
खिशात तिचं खोडरबर,
आणि ते धरलेला
माझाच हात ओला.